सात चिंचांचा बाजार

दुकानाचं शटर मी अर्धंच वर करते, आत्या. पूर्ण वर केलं की रस्त्यावरून जाणारे सवयीनं हात उचलतात आणि मग खुर्चीत मी दिसते. तो उचललेला हात परत खाली जाताना मला बघवत नाही. अर्ध्या शटरखालून वाकून जो आत येतो, त्याचं निदान काहीतरी काम असतं.

दुकान चालवायचं की बंद करायचं हे बाबा अजून बोललेले नाहीत. फॉर्मचे दिवस आहेत, लोक येतील, थोडे दिवस तू बस, एवढंच म्हणाले. म्हणून बसले आहे. काउंटरपलीकडच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडावा म्हणून तू खुर्ची उंच करून घेतली होतीस. माझे पाय त्यावरून लोंबकळतात आणि कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवायची मला हौस नाही, हे तुला माहीत आहे.

कॉम्प्युटर सुरू केला की पहिली दिसते ती तुझी फाईल. 'आपला बाजार फायनल नवीन'. शाळांनी प्रोजेक्ट मागायला सुरुवात केली आहे. आज ना उद्या कोणीतरी ते पान मागायला येणार. त्यात सात चिंचा आहेत. त्या पानावर राहू द्यायच्या की काढायच्या, हे आपलं भांडण अर्धं टाकून तू निघून गेलीस आणि ठरवायचं माझ्यावर आलं. ते ठरवण्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण मी इंग्रजीत काही सांगायला लागले की तू म्हणायचीस, मराठीत सांग, तेवढी तरी मले येते.

मला कळतं तेव्हापासून तू या घरात पुढच्या खोलीत आहेस. मागे आम्ही, पुढे तू आणि तुझी झेरॉक्स मशीन. ती तापली की सगळ्या घराला गरम कागदाचा वास यायचा. तू लग्न का केलं नाहीस, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा म्हणालीस, पोरगा बुटका होता. पुढे एकदा विचारलं तेव्हा तोच पोरगा फार उंच झाला होता. कॉलेजात असताना विचारलं तर म्हणालीस, मी गेलो असतो तं दुकान कोणं पाह्यलं असतं? तुझ्याकडे एका प्रश्नाला एकच उत्तर कधी नसायचं. समोर कोण आहे, त्याला आज काय ऐकलं की बरं वाटेल, ते बघून तू उत्तर काढायचीस. आणि मी उत्तर येत असूनही तोंड न उघडणारी. बाबा म्हणायचे, दोघींचं बोलणं समान वाटून दिलं असतं तर घर शांत झालं असतं.

आपल्याकडे इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, म्हणून तू माझं नावच कॉन्व्हेंट ठेवलंस. "काय व कॉन्व्हेंट, जेवली का?" हे वर्ध्याच्या कडेच्या आपल्या अख्ख्या बोरगाव मेघेला ऐकू जायचं. आपल्या बायका बोलतात तसं तू 'मी येतो, मी सांगतो' म्हणायचीस. मी टीव्हीवरचं 'येते, सांगते' उचललं, तर गिऱ्हाइकांना सांगितलंस, आली पुण्याची. मला राग यायचा. पण त्या गिऱ्हाइकांना तू आणखी एक सांगायचीस, ते मी आतून ऐकायचे. "बोलत नाई थे, पण सगळं पाह्यते." आजवर माझं इतकं बरोबर वर्णन दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईड मागायला मी तुला घेऊन गेले होते, आठवतं? मला वाटलं नेहमीसारखं तूच बोलशील. खिडकीपाशी पोचलो आणि तू मला पुढे ढकललंस. "विचार. मी इथंच हाव." माझा आवाज इतका बारीक निघाला की आतल्या क्लार्कनं तीनदा 'काय?' म्हटलं. तू मागे उभी राहून पर्समधून शेंगदाणे खात होतीस, एक शब्द बोलली नाहीस. परत येताना मात्र ऑटोवाल्याला सांगत होतीस की आमच्या पोरीनं आज साहेबाला हलवून सोडलं.

फॉर्म भरताना तू वेगळीच बाई व्हायचीस. आंजीहून एक काका आले होते, मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा कागद घेऊन. कागदावर एका साइटचं नाव होतं आणि आजच्या आज अर्ज भरा नाहीतर जागा जाईल असं लिहिलं होतं. तू ती साइट उघडलीस आणि वरचे हसऱ्या मुलींचे फोटो न बघता सरळ पानाच्या तळाशी गेलीस. पुटपुटत होतीस, कोण चालवते हे, कोण्या गावाचं हाये, या लोकायचा पत्ता कोठी हाये. पत्ता नव्हता. कॉलेजच्या इमारतीचा म्हणून जो फोटो होता तो तू शोधलास, तर तीच इमारत भलत्याच राज्यातल्या भलत्याच कॉलेजची निघाली. तू माउस सोडलास आणि म्हणालीस, "भाऊ, हे लोक घाई करून राह्यले. तुमची पोरगी हुशार हाये तं या लोकायले कायची घाई?" काका चिडले. त्यांना वाटलं, हिला काम करायचं नाही. तू त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणच्या खऱ्या नर्सिंग कॉलेजचा पत्ता कागदावर लिहून दिलास आणि चहा पाजून पाठवलंस.

पुढे विद्यापीठात माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आम्हाला एक अख्खा तास यावरच शिकवलं. इंटरनेटवरचं पान प्रबंधात वापरायचं असेल तर आधी त्याला काय काय विचारायचं. हे लिहिलं कोणी, त्याला हे कसं माहीत, त्यानं ते कुठून घेतलं, केव्हा लिहिलं, हे लिहून त्याचा काय फायदा. आणि सगळ्यात शेवटी, ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही असा दुसरा कोणी तेच सांगतो का. मी वहीत सगळं इंग्रजीत उतरवून घेतलं आणि मनात म्हटलं, हे तर आमच्या काउंटरवर रोज चालतं. संध्याकाळी तुला सांगितलं तर तू म्हणालीस, मंग तुह्या मॅडमले सांग, सीझनमधे या इकडं, फॉर्म भराले माणूस कमी पडते.

पण आत्या, फॉर्मच्या साइटला तू इतकं विचारायचीस, त्यातला एक प्रश्नही तू कधी प्रोजेक्टला विचारला नाहीस. प्रोजेक्ट म्हणजे तुझ्या लेखी पापड-कुरडयांसारखी गोष्ट होती, आयत्या वेळी लागणारी. दिवेलागणीला आया स्कूटीवरून यायच्या, मागे पेंगुळलेलं लेकरू, आणि उद्या द्यायचं आहे म्हणायच्या. तू कुठलंही पान उघडायचीस, अक्षर मोठं करायचीस, कोपऱ्यात मोर टाकायचीस, प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून द्यायचीस. ते पान कोणी लिहिलं, खरं की खोटं, ते मास्तर पाहून घेईल. मास्तर मोर बघून बरोबरची खूण करायचे.

'आपल्या गावचा आठवडी बाजार' हे एक पान मात्र कुठे मिळेना, म्हणून तू आपल्या मूळ गावाच्या बाजारावर स्वतः लिहिलंस. ते मला खूप उशिरा कळलं. कसं कळलं ते तुला माहीत आहे, पण मला परत सांगायचं आहे. ते सांगताना तू हसतेस असं मला वाटतं.

माझा प्रबंध हिंगणघाट तालुक्यातल्या आठवडी बाजारांवर. त्यात अल्लीपूरच्या वाटेवरचं आपलं गाव येतं, जिथून आजोबा तुला आणि बाबांना घेऊन वर्ध्याला आले. आपल्या गावचा बाजार मुळात कुठे भरायचा, जागा कोणी ठरवली, याचा एकही कागद मला सापडत नव्हता. मग इंटरनेटवर सापडलं. एका गावमाहितीच्या ब्लॉगवर होतं की हा बाजार पूर्वी सात चिंचांच्या सावलीत भरायचा. निबंध देणाऱ्या एका साइटवर त्या 'सात पुरातन चिंचवृक्ष' होत्या. आणि एका बातम्यांच्या पानावर तर त्या सात चिंचा गावाच्या रक्षणकर्त्या झाल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी लगेच मॅडमना फोन केला, जो मी सहसा कोणालाच करत नाही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या तिघांची आपसात ओळख आहे का, ते बघ."

मला ते तेव्हा नीट समजलं नाही. मला वाटलं तीन साइट, तीन वेगळी माणसं, आणि वर एक जिवंत साक्षीदार हवा. म्हणून बाबांबरोबर गावी गेले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक म्हातारे आजोबा बसले होते. बाबांनी विचारलं, बाजार पहिले कुठं भरे? ते म्हणाले, चिंचांपाशी. किती चिंचा? आजोबांनी विचारसुद्धा केला नाही. सात. त्यांनी मोबाईल कधी हातात धरला नव्हता, त्यामुळे मला वाटलं, झालं, पक्कं झालं.

घरी येऊन मी तो उतारा तुला वाचून दाखवला. तू कोणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेशनच्या मशीनमध्ये सरकवत होतीस. 'हा बाजार म्हणजे जणू गावाचे हृदयच होय' इथपर्यंत मी पोचले आणि तुला हसू फुटलं. इतकी हसलीस की कार्ड मशीनमधून तिरकं बाहेर आलं.

"थ्या चिंचा मी लावल्या व," तू म्हणालीस.

मला काहीच कळेना. मग तू डोळे पुसत सांगितलंस. "प्रोजेक्ट पर्यावरणाचं होतं. झाड नाई टाकलं तं मास्तर म्हणते, याच्यात पर्यावरण कोठी हाये? मंग टाकल्या चिंचा."

"सातच का?"

"पाच कमी वाटल्या."

पुढचं मग आपोआप उलगडत गेलं. तुझं पान शाळाशाळांत फिरलं, कोण्या पोरानं ते ब्लॉगवर चढवलं, ब्लॉगवरून निबंधाच्या साइटनं उचललं, तिथून बातमीवाल्यानं. तिघांची ओळख तुझ्यामार्फत होती. आणि ते ओट्यावरचे आजोबा? त्यांच्या नातीनं सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत बाजारावर भाषण केलं होतं. आठवडाभर ती घरात पाठ करत होती. गावाहून कोणी आलं की तुझ्याच दुकानात यायचं; ते भाषण टाइप करून देणारी बाईसुद्धा तूच. आजोबांच्या तोंडून मी तुझ्याच चिंचा ऐकून आले होते.

मी उतारा खोडला. राग आला नव्हता, मला हसूच येत होतं. मॅडमना सांगितलं, त्याही हसल्या. मला वाटलं, गंमत झाली आणि संपली. पण तुला लागलं होतं, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. दोन-चार दिवसांनी पोळ्या लाटता लाटता तू विचारलंस, मग तुह्या पुस्तकात आता आपल्या गावाचं काहीच नाई राह्यलं काय? मी म्हटलं, बाजार आहे की, फक्त चिंचा नाहीत. तू पोळी तव्यावर टाकलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आन् मी?"

तेव्हा मला समजलं की तुला त्या प्रबंधात यायचं होतं. मी काय लिहिते हे तुला कधी नीट कळलं नाही असं मी धरून चालले होते. पण आपल्या घरातली मुलगी पुस्तक लिहिते आहे आणि त्यात कुठेतरी आपलं काहीतरी असावं, एवढं तुला वाटत होतं. त्या एका उताऱ्यात तुझं काहीतरी होतं, आणि ते मी खोडलं होतं. खोडणं बरोबरच होतं, आत्या. आजही खोडीन. पण 'आन् मी?' हे माझ्या कानातून जात नाही.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस, आता समदेच म्हणतात सात चिंचा, मंग झाल्याच ना खऱ्या. मी म्हणायचे, सगळ्यांना तूच सांगितलंस, ते सगळे मिळून तू एकटीच आहेस. यावर तू खूश व्हायचीस, जसं काही मी कौतुक केलं. मग तुझी उत्तरं बदलायला लागली. आधी तू झाडं मनानंच लावली होतीस. मग एक दिवस म्हणालीस, नाई व, माही माय सांगे चिंचांचं. आणखी एक दिवस म्हणालीस, सांगे कायले, मी डोळ्यानं पाह्यली हाये. मी विचारलं, किती पाहिल्या? कुठे? तेव्हा बाजार कुठल्या बाजूला होता? तू अगदी हळू म्हणालीस,

"तू मले फॉर्मच्या साइटवानी पाहून राह्यली."

यावर मी गप्प बसले. दोन माणसांतलं एक नेहमीच गप्प बसणारं असलं की त्याचं गप्प बसणं रागाचं आहे की लाजेचं, ते समोरच्याला कळत नाही. तेव्हा माझ्या मनात राग नव्हता. मला म्हणायचं होतं की फॉर्मच्या साइटला तू इतकं विचारतेस ते समोरच्याच्या पोरीची काळजी वाटते म्हणून, आणि मीही तुला त्याच कारणानं विचारते आहे. तुझं नाव ज्या पानावर येईल ते पान उद्या कोणी खोटं ठरवू नये म्हणून. हे वाक्य मला आत्ता सुचतं आहे. तेव्हा सुचलं नाही.

मग तूच तोड काढलीस. येत्या बाजाराच्या दिवशी दोघी गावी जाऊ, जागा दाखवतो, मंग ठरव काय लिवाचं थे. मी आनंदानं हो म्हटलं. बाजाराच्या दोन दिवस आधी तुला ताप आला. तापाचं पुढे जे झालं ते मला इथे लिहायचं नाही.

दवाखान्यात मी तुला काही विचारलं नाही. तिथे कोणी चिंचा विचारतं का? तूच एकदा डोळे उघडून म्हणालीस, चिंचेचं राह्यलं व आपलं. मी म्हटलं, घरी आल्यावर. तू मान हलवलीस. "हाव. घरी येतो मंग सांगतो." तू चिंचांचं नाही, चिंचेचं म्हणालीस, हे तेव्हा माझ्या कानावरून गेलं.

तुझ्या तेरवीला गावाहून तुझी मैत्रीण आली होती, गिरजा मावशी. तुझ्या तोंडून तिचं नाव ऐकलं होतं, बघितलं पहिल्यांदाच. बारीकशी, पांढऱ्या केसांची, कोणाशी न बोलता भिंतीला टेकून बसली होती. जेवणं झाल्यावर बायका आवराआवर करत होत्या आणि मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होते. मला तिला विचारायचं होतं. आणि विचारायला नेहमी जी पुढे असायची ती नव्हती.  मग मला पर्समधल्या शेंगदाण्यांचा आवाज आठवला आणि मी जाऊन तिच्यापाशी बसले.

आधी मी ते विचारलं, जे मॅडमनी विचारलं असतं आणि तूही विचारलं असतंस. तुमच्या घरी शाळेत जाणारं कोणी आहे का? नव्हतं. मुलगा सुरतेला, नातवंडं तिकडेच. गावच्या शाळेतलं ते भाषण ऐकलं होतं? तिला शाळेचं काहीच ठाऊक नव्हतं. वाचता येतं? ती म्हणाली, सही येते. मग विचारलं, आपला बाजार पूर्वी कुठे भरायचा?

"चिंचेखाली," ती म्हणाली.

"सात चिंचा होत्या ना?"

"सात?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "कोण म्हणते सात? एकच होती. रस्ता मोठा केला तवा तोडली."

मग ती आपणहून बोलत राहिली. चिंच मोठी होती, बाजार तिच्या सावलीत सुरू होऊन उन्हात संपायचा. एका आडव्या फांदीला मिरचीवाल्याचा मोठा काटा टांगलेला असायचा. तुला त्या काट्यात बसायचं होतं, काहीही झालं तरी. तो मिरचीवाला तुमच्याच आळीतला, तुझ्या हट्टाला कंटाळून त्यानं एक दिवस तुला एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्यात मिरचीचं पोतं ठेवलं. तू बरोबर पोत्याएवढी भरलीस. त्या दिवसापासून गावातल्या पोरी तुला मिरचीचं पोतं म्हणायला लागल्या. तू दिवसभर शिंकत होतीस, पण खाली उतरायला तयार नव्हतीस. हे सांगताना गिरजा मावशी हसायला लागली, पदर तोंडाला लावून, तेरवीच्या घरात हसू नये म्हणून. मलाही हसू आलं. आतून बाबा बघायला आले, काय झालं म्हणून.

मी तिला म्हटलं, आत्या तर सात सांगायची. गिरजा मावशीनं पदर खाली घेतला आणि म्हणाली, "तिले कवा एकानं भागलं, माय?"

म्हणजे तू ती झाडं हवेतून आणली नव्हतीस. एक खरी होती, तू बघितली होतीस, तिच्यावर काटा होता आणि काट्यात तू होतीस. तुझी तिन्ही उत्तरं थोडी थोडी खरी होती. मायनं सांगितलं असणार, डोळ्यांनी पाहिलंही होतं, आणि लावल्याही होत्या. तू मला हे सरळ का नाही सांगितलंस? मला वाटतं, आधी तू गंमत केलीस, आणि मग मी इतकी गंभीर झाले की तुझी खरी गोष्टही तुलाच गमतीसारखी वाटायला लागली. हा माझा अंदाज आहे. तो पडताळून बघायला आता कोणाला विचारू?

गिरजा मावशीनं सांगितलेलं बाबांना विचारलं, तर त्यांना झाड आठवत नव्हतं, ते तेव्हा कडेवर होते. पण मिरचीवाल्याच्या घरी मी नंतर एकटी जाऊन आले. हो, एकटी. त्यांची सून म्हणाली, सासरे सांगायचे, आमचा काटा चिंचेला राहे. एका चिंचेला. गिरजा मावशीचं आणि या सुनेचं जुन्या कुठल्याशा भांडणावरून बोलणं नाही. दोघींनी एकमेकींना सांगितलं असण्याची शक्यताच नाही. मॅडमना हे कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, आता लिही.

लिहिलं. उतारा परत आला आहे, एका चिंचेचा. सांगणाऱ्या दोघींची नावं दिली आहेत. आणि खाली तळटीप आहे. मॅडमना वाटलं की चूक कशी पसरली तेही लिहावं, पुढे कोणी त्या साइटवरून सात चिंचा उचलल्या तर त्याला कळावं. म्हणून त्या तळटिपेत असं आहे की सात चिंचांचा उल्लेख इंटरनेटवर अनेक ठिकाणी येतो, त्या सगळ्यांचं मूळ एका शालेय प्रकल्पाच्या पानात आहे, आणि त्या पानाची लेखिका सुमनताई, बोरगाव मेघे, झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्म. तुझं ते पान इतक्या जणांनी घेतलं आणि एकानंही तुझं नाव लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, आत्या. चुकीची मालकीण म्हणून लिहिलं, पण लिहिलं. तू असतीस तर आधी 'चुकीची कायची?' म्हणून भांडली असतीस आणि मग त्या पानाच्या झेरॉक्स काढून गिऱ्हाइकांना वाटल्या असत्यास.

त्या तीन साइटना मी कळवायचा प्रयत्न केला. दोन साइटच्या तळाशी पत्ताच नव्हता. तिसरीनं उत्तर दिलं नाही. तुझी सात झाडं तिकडे उभी आहेत, त्यांच्यापर्यंत माझा हात पोचत नाही.

पण इथली फाईल माझ्या हातात होती, आणि हे लिहिणं अर्धं असतानाच परवा ती मागायला आलेच. एक आई आणि तिची मुलगी, पाचवी-सहावीतली, दोन वेण्या घातलेली. बाजाराचं प्रोजेक्ट, उद्या द्यायचं आहे. मी फाईल उघडली. बराच वेळ नुसती बघत बसले. आई शटरकडे बघायला लागली. मग मी 'सात चिंचांच्या' खोडून 'एका चिंचेच्या' केलं. 'गावाचे हृदयच होय' तसंच ठेवलं, ते काही खोटं नाही. मोरही ठेवला. खाली एक ओळ घातली की ही माहिती गिरजाबाईंनी सांगितली. पान काढून दिलं.

मुलीनं ते काउंटरवर ठेवून बोट लावून वाचलं. सगळं वाचलं, जे तुझ्या दुकानात आजवर कोणी केलं नसेल.

"ताई, एकच चिंच? माह्या दादाच्या प्रोजेक्टात सात होत्या."

"एकच होती," मी म्हटलं. "मी विचारून आले."

"मंग बाकीच्या सहा कोठून आल्या?"

माझा आवाज आला तेव्हा तो नेहमीपेक्षा मोठा होता, असं मला वाटतं.

"त्या माझ्या आत्यानं लावल्या."

तिनं मान वर करून रिकाम्या भिंतीकडे, मशीनकडे, माझ्याकडे बघितलं. तिला ते पटलेलं दिसलं. मग पान माझ्याकडे परत सरकवत म्हणाली,

"मंग थेही लिवा ना."

पानाच्या खाली, मोराच्या बाजूला, जागा होती. मी लिहिलं.